लाल लघवी आणि इन्फेक्शनचा शिक्का

मूत्राशयाचा कॅन्सर हा पुरुषांचा आजार, असं वैद्यकाच्या पुस्तकांत असतं आणि आकडे पाहिले तर ते खोटं नाही. आयएआरसी या जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात या कॅन्सरचे सुमारे ५ लाख ७३ हजार नवे रुग्ण होते. त्यांत पुरुष ४ लाख ४१ हजार आणि बायका १ लाख ३२ हजार. तिनास एक, किंवा थोडं जास्तच. पण त्याच वर्षाचे मृत्यू शेजारच्या रकान्यात मांडले की चित्र बदलतं. पुरुष १ लाख ५९ हजार, बायका ५४ हजार. म्हणजे दर शंभर नव्या पुरुष रुग्णांमागे ३६ मृत्यू आणि दर शंभर बायकांमागे ४१. हा हिशेब ढोबळ आहे. एका वर्षी सापडलेले आणि त्याच वर्षी गेलेले हे तेच लोक नसतात, शिवाय निदानाच्या वेळी बायकांचं वय सरासरीने थोडं जास्त असतं. पण जिथे कॅन्सरच्या नोंदी वर्षानुवर्षं नीट ठेवल्या जातात त्या इंग्लंडमध्येही निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा शंभरात सुमारे दहाने कमी भरतं. दोघांनाही होणाऱ्या बहुतेक कॅन्सरांत बायका पुरुषांपेक्षा जास्त तग धरतात. इथे उलटं होतं.

हा कॅन्सर कोणाला होतो, यात शरीराचा आणि सवयींचा वाटा मोठा आहे आणि तो पुरुषांच्या विरोधात जातो. झाल्यावर कोण वाचतं, यात दवाखान्यातल्या टेबलावर काय घडतं याचाही वाटा आहे आणि तो बायकांच्या विरोधात जातो. पहिली गोष्ट पुढे करून दुसरी झाकली जाते, ही माझी तक्रार आहे. ‘बायकांना हा आजार होतो कुठे फारसा’ हे खरं वाक्य आहे. तेच वाक्य डॉक्टरच्या डोक्यात बसलं की पुढच्या बाईचं निदान चुकायला तेवढं पुरतं.

शरीरापासूनच सुरुवात करतो. बायकांच्या बाजूने बोलणारे कधीकधी शरीरशास्त्रच नाकारून बसतात आणि समोरच्याला आयता मुद्दा मिळतो. पुरुषांना हा आजार जास्त होतो याचं सगळ्यात मोठं कारण विडी-सिगारेट. धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स ही कॅन्सर घडवणारी रसायनं फुप्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंडातून गाळली जाऊन लघवीत उतरतात, आणि ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून त्याच्या अस्तराला भिडून राहते. म्हणून ओढलेल्या धुराचा हिशेब ओटीपोटात चुकता होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ओढणाऱ्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या चौपट निघाला. तिथे बायका असोत वा पुरुष, निम्म्या रुग्णांचा आजार धूम्रपानाच्या खात्यावर जातो. आपल्याकडे २०१६–१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणारे पुरुष १९ टक्के होते आणि बायका २ टक्के. महाराष्ट्रात ओढणारे मुळात कमी आणि खाणारे फार. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू चघळणाऱ्या बायका गावोगाव आहेत. तंबाखू खाण्याने तोंडाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, पण मूत्राशयाशी तिचा तसा पक्का संबंध दाखवता आलेला नाही. तेव्हा या एका बाबतीत आपल्या बायका सुटल्या म्हणायच्या.

दुसरं कारण कामधंद्याचं. १८९५ साली फ्रांकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी फुक्सीन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी सापडल्याचं मांडलं. रंगाच्या कारखान्यातलं काम आणि मूत्राशयातली गाठ यांची सांगड तिथे पहिल्यांदा घातली गेली. पुढे बेन्झिडीन, बीटा-नॅफ्थिलअमाइन या रसायनांची नावं पक्की झाली आणि रबराच्या कारखान्यांतही तेच आढळलं. हे कामगार बहुतेक पुरुष होते. पण विडी पुरुषाने ओढायची आणि रसायनाच्या टाकीपाशी पुरुषानेच उभं राहायचं, हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही. ती वाटणी माणसांनी केली आणि तिची किंमत पुरुषांनी मूत्राशयाने मोजली. ब्यूटी पार्लरचा विषय निघतोच म्हणून सांगतो. केस रंगवण्याचं काम रोज करणाऱ्यांचा धंदा आयएआरसीने ‘बहुधा कॅन्सरकारक’ या गटात टाकला आहे. घरी अधूनमधून केस काळे करणाऱ्यांबद्दल तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यांना मिळालेला नाही.

विडी आणि कारखाना दोन्ही वजा केले तरी पुरुषांचं पारडं जडच राहतं. कधीच न ओढणाऱ्या पुरुषांची कधीच न ओढणाऱ्या बायकांशी तुलना केली तरी फरक उरतो. इथून पुढचं संशोधन वाचताना खरोखर मजा येते. २००७ च्या एका प्रयोगात उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर घडवणारं रसायन दिलं, तेव्हा ९२ टक्के नरांना आणि ४२ टक्के माद्यांना गाठी झाल्या. ज्या उंदरांत पुरुषी संप्रेरकाचा संदेश पकडणारा रिसेप्टरच नव्हता त्यांच्यात एकालाही झाली नाही, नराला नाही की मादीला नाही. मग गुणसूत्रांची पाळी आली. केडीएम६ए नावाचं, गाठीला आवर घालणारं एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईच्या पेशीत दोन एक्स असले तरी त्यांतला एक बहुतांशी गप्प केलेला असतो, पण हे जनुक त्या बंदीतून निसटतं आणि दोन्ही प्रती चालू राहतात. २०१८ साली उंदरांवरच्या कामातून दिसलं की माद्यांना मिळणाऱ्या संरक्षणात याचा हात आहे. २०२३ साली लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनायमधल्या गटाने आणखी एक धागा पुढे आणला. वय वाढतं तसं पुरुषांच्या काही पेशींतून वाय गुणसूत्रच गळून जातं. ज्या गाठीत ते गळलेलं असतं ती जास्त आक्रमक होते, कारण तिच्याशी लढणाऱ्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या पेशी, थकून जातात. आणि गंमत म्हणजे अशाच गाठी इम्युनोथेरपीला, म्हणजे त्या थकलेल्या पेशींना पुन्हा लढायला लावणाऱ्या औषधांना, चांगला प्रतिसाद देतात.

यातलं काहीही मी नाकारत नाही. पण हे सगळं संशोधन आजार कसा होतो आणि कसा वाढतो याबद्दल आहे. बाईच्या लघवीत रक्त दिसलं तर थांबायला हरकत नाही, असं त्यातल्या एकाही ओळीतून निघत नाही. शिवाय विषाशी संपर्क दोघांचा सारखाच आला तर हे नैसर्गिक संरक्षण किती पुरतं, याचं चिलीतलं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं असं आहे. अंतोफागास्ता शहरात १९५८ ते १९७० या काळात नळाला आलेल्या पाण्यात लिटरमागे ८०० मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक होतं. आजची जागतिक मर्यादा १० आहे. ते पाणी घरातल्या सगळ्यांनी प्यायलं. १९९० च्या आसपास मोजणी झाली तेव्हा त्या प्रांतात मूत्राशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू चिलीच्या उरलेल्या भागाच्या तुलनेत पुरुषांत सहापट निघाले आणि बायकांत आठपट.

आता दवाखान्यात येऊ. अमेरिकेत विम्याच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. लघवीत रक्त आढळल्यापासून कॅन्सरचं निदान होईपर्यंत पुरुषांचे सरासरी ७४ दिवस गेले आणि बायकांचे ८५. अकरा-बारा दिवसांनी कोणी मरत नाही, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण सरासरी फसवी असते. सहा महिन्यांहून जास्त थांबावं लागलेले पुरुष १४ टक्के होते आणि बायका १७ टक्के. नुकसान होतं ते या शेपटाकडच्या लोकांचं. इंग्लंडमधला फरक याहून ढळढळीत आहे. २०१३ साली आलेल्या अभ्यासानुसार, ज्यांना पुढे मूत्राशयाचा कॅन्सर निघाला त्यांच्यापैकी तज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळण्याआधी तीन किंवा जास्त वेळा फॅमिली डॉक्टरकडे खेटे घालावे लागलेले पुरुष ११ टक्के होते आणि बायका २७ टक्के. तिथे डॉक्टरला फी द्यावी लागत नाही आणि चिठ्ठीवर पुढची तपासणी फुकट होते, तरी ही गत.

आपल्याकडे हे कसं घडतं ते बघायला लांब जावं लागत नाही. साठीतल्या बाईला लाल लघवी झाली तर पहिला उपाय घरातच होतो. उन्हाळी लागली असेल म्हणून धन्याचं पाणी, सब्जा, जवाचं पाणी. बीट खाल्लं होतं का, ही चौकशी. दोन दिवसांत रंग गेला की विषय संपला. नाही गेला तर संध्याकाळच्या ओपीडीत नंबर. डॉक्टर विचारतात, “जळजळ होते का?” ती म्हणते, “होते थोडी.” असा प्रश्न विचारल्यावर थोडी कोणालाही होते. लघवीचा रिपोर्ट येतो: पस सेल्स ६ ते ८, एपिथेलियल सेल्स ४ ते ५, आरबीसी प्लेंटी, म्हणजे तांबड्या रक्तपेशी भरपूर. डॉक्टरांची नजर पस सेल्सवर, म्हणजे इन्फेक्शन सुचवणाऱ्या पू-पेशींवर, थांबते. “काकू, इन्फेक्शन आहे. पाणी भरपूर प्या, पाच दिवसांच्या गोळ्या देतो, कोर्स मधेच सोडू नका.” हाच रिपोर्ट त्याच वयाच्या काकांचा असता तर डॉक्टरांनी वर बघून विचारलं असतं, “विडी-सिगारेट ओढता का? सोनोग्राफी करून घ्या बरं.” फार तर मुतखड्याचा संशय घेतला असता. पण त्यातही पोटाचा फोटो निघतो आणि गाठ असली तर दिसण्याची शक्यता तयार होते.

पुढे जे होतं ते जास्त घातक आहे. मूत्राशयातल्या गाठीतून रक्त सतत जात नाही. दोन-तीन दिवस जातं, थांबतं, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा दिसतं. त्यामुळे पाच दिवसांचा कोर्स संपेपर्यंत लघवी आपोआप स्वच्छ झालेली असते आणि श्रेय गोळ्यांना जातं. डॉक्टरला वाटतं निदान बरोबर होतं, बाईला वाटतं औषध लागू पडलं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिसलं की दोघांनाही ‘मागच्या वेळचंच’ आठवतं आणि तेच औषध, नाहीतर जरा वरचं, लिहिलं जातं. त्यात आणखी एक मेख आहे. या कॅन्सरचा एक प्रकार अस्तरावर सपाट पसरतो. त्यात जळजळ आणि वारंवार लघवीला लागणं ही अगदी इन्फेक्शनचीच लक्षणं असतात. सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही.

आमच्या नात्यातल्या एका मावशींची प्लॅस्टिकची फाईल मी चाळली आहे. एकाच लॅबचे लघवीचे रिपोर्ट एकामागे एक लावलेले, प्रत्येकावर ‘आरबीसी प्लेंटी’ ही ओळ, आणि प्रत्येकामागे वेगळ्या अँटिबायोटिकचं प्रिस्क्रिप्शन टाचलेलं. कल्चरचा रिपोर्ट फाईलमध्ये एकही नव्हता, म्हणजे लघवीत जंतू खरोखर वाढतात का हे कोणी बघितलंच नव्हतं. गाठ सापडली ती पित्ताशयातल्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत, प्रोब खाली सरकवताना. मावशींना मी विचारलं, रक्त जातंय हे डॉक्टरांना पहिल्यांदा कसं सांगितलंत? म्हणाल्या, “सांगितलं ना, खालून लाल जातंय म्हणून.”

‘खालून’ म्हणजे कुठून, हे तिथे कोणी विचारत नाही. पाळी गेलेल्या बाईने अंगावरून जातंय म्हटलं की ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. तिथे गर्भाशयाची सोनोग्राफी होते, एखादी बारीकशी फायब्रॉईडची गाठ निघते आणि तपास तिथेच मुरतो. साडीवर, परकरावर डाग दिसला तर तो लघवीतून आला की योनीतून, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. उभ्याने लघवी करणाऱ्या पुरुषाला धार दिसते. खाली बसणारी बाई पाणी ओतून बाहेर येते. खात्री करून घेणं अवघड नाही. कॅथेटरने, म्हणजे मूत्रमार्गात बारीक नळी घालून, लघवीचा नमुना घेतला की उलगडा होतो. पण आपल्याकडे बाईच्या ओटीपोटातली कुठलीही तक्रार गर्भाशयाच्या खात्यावर टाकायची सवय जुनी आहे. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं केवढ्या प्रमाणावर काढली गेली हे २०१९ साली बाहेर आलं, तेव्हा या सवयीचं टोक सगळ्यांनी पाहिलं.

बायकांना लघवीची इन्फेक्शन्स वारंवार होतात हे खरंच आहे. मूत्रमार्ग आखूड असतो हे एक कारण. दुसरं कारण आपलं आपण तयार केलेलं आहे. बाजारात, एसटी स्टँडवर, शेतात, बांधकामावर धड मुतारी नसते, म्हणून बाई सकाळपासून पाणी कमी पिते आणि लघवी दाबून धरते. मुंबईत ‘राईट टू पी’ची मोहीम चालवणाऱ्या बायकांनी हे घसा कोरडा करून सांगितलं आहे. लघवी दाबल्याने कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही. इन्फेक्शन इतकं नेहमीचं झालं की त्याच्या गर्दीत खरं लक्षण हरवतं, एवढंच म्हणतो. नेहमीचं ते नैसर्गिक, अशी माणसाची समजूत होते आणि यात पुरुषही सुटलेले नाहीत. नाईलच्या काठी एके काळी मुलग्यांच्या लघवीतून रक्त जाणं हे वयात येण्याचं लक्षण मानलं जायचं, असं सांगतात. थिओडोर बिल्हार्झ यांना १८५१ साली कैरोत त्याचं कारण सापडलं, पाण्यातून अंगात शिरणारा एक कृमी. पुढे कित्येक दशकं मूत्राशयाचा कॅन्सर हा इजिप्शियन पुरुषांतला आघाडीचा कॅन्सर राहिला, त्यामागे हाच कृमी होता. त्याचं एक टोक आपल्या कोकणातही आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीत त्याच कुळातल्या कृमीची अंडी असल्याचं दाखवून दिलं. लाल लघवीला कारण विचारणारं कोणीतरी त्या गावाला भेटलं.

माझ्या ओळखीचे डॉक्टर इथे हात वर करतील. लघवीत रक्त असणाऱ्या प्रत्येक बाईची दुर्बिणीने तपासणी करायची म्हटलं तर शंभरातल्या बहुतेकींना काहीच निघणार नाही, खर्च आणि धास्ती मात्र सगळ्यांना. आक्षेप रास्त आहे. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रक्ताबद्दल मी तो मान्यही करतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली अशा रक्तासाठी जी जोखीम-वर्गवारी केली तिच्यात कमी जोखमीच्या गटाची वयोमर्यादा पुरुषांसाठी चाळिशी आणि बायकांसाठी पन्नाशी ठेवली. त्यात मला अन्याय दिसत नाही. आजार कमी होतो तर चाळणी थोडी सैल ठेवली, हा साधा हिशेब आहे. पण डोळ्यांना दिसणारं रक्त ही वेगळी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या नाईस या संस्थेचा नियम सरळ आहे. वय ४५ किंवा जास्त, लघवीत दिसणारं रक्त, आणि इन्फेक्शन नाही किंवा इन्फेक्शनवर उपचार करूनही रक्त राहिलं अथवा परत आलं, तर कॅन्सरचा संशय धरून तातडीने पुढे पाठवा. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. पुस्तकात तो भेद नसूनही फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर ११ आणि २७ चा फरक पडला, तो ‘इन्फेक्शन’ या शब्दाच्या आडोशाने पडला असं माझं मत आहे. बाईच्या बाबतीत इन्फेक्शन सिद्ध करावं लागत नाही, ते गृहीत असतं.

म्हणून मागणी छोटी आहे. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईने लाल लघवीची तक्रार सांगितली तर अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी कल्चरसाठी लघवी घ्यावी. काहीशे रुपयांचं काम आहे आणि रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो. कोर्स संपल्यावर लघवी पुन्हा तपासावी. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, किंवा वाढले पण औषधानंतरही रक्त राहिलं, किंवा काही महिन्यांनी परत दिसलं, तर सोनोग्राफी आणि सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशय आतून बघणं. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून सिस्टोस्कोपी टाळू नये. ती विडी ओढत असेल तर वयाची वाट बघू नये. सिस्टोस्कोपीची भीती बायकांना जास्त दाखवली जाते, तिचंही नवल वाटतं. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटीमीटर लांब आणि वळणाचा, बाईचा जेमतेम ४ सेंटीमीटर आणि सरळ. जी तपासणी बाईला कमी त्रासाची, ती तिलाच उशिरा सांगितली जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उशीर सोडून द्या, एकाच टप्प्यावर सापडलेल्या बाई-पुरुषांची तुलना केली तरी बायका मागे पडतात. म्हणजे दोष डॉक्टरचा नसून जीवशास्त्राचा. यात तथ्य आहे. बायकांत नेहमीपेक्षा वेगळ्या जातीच्या, जास्त आडदांड गाठींचं प्रमाण थोडं जास्त असतं, आणि संप्रेरकांचाही भाग असू शकतो. कोणाचा वाटा किती यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण बायकांचं हे जास्तीचं मरण बरंचसं निदानानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत घडतं, नंतर अंतर कमी होत जातं. आजार हळूहळू बाईवर जास्त चालतो, असं याचं चित्र दिसत नाही. हाती लागला तेव्हाच तो पुढे गेलेला होता, असं दिसतं. शिवाय औषधांच्या चाचण्यांत रुग्ण आजाराच्या प्रमाणातच येतात, त्यामुळे बायका जेमतेम पाव भाग. एवढ्या थोड्या जणींवरून औषध बाईला कसं लागू पडतं हे ठामपणे सांगता येत नाही, आणि मग पुरुषांवरचा निकालच तिला लावला जातो. संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने प्रयोगशाळेतल्या जनावरांच्या प्रयोगांतही नर-मादी भेद विचारात घ्यायची अट घातली ती २०१६ साली, इतक्या उशिरा. जीवशास्त्राकडे बोट दाखवणाऱ्यांनी बाईचं जीवशास्त्र आधी नीट मोजायला तरी हवं.

उपचारांतही हा फरक पाठ सोडत नाही. आजार वरच्या थरात असेल तर दुर्बिणीतून गाठ खरवडतात आणि मूत्राशयात बीसीजी सोडतात. लहान मुलांच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस. ती या कामासाठी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते. इथवर दोघांचं सारखंच. गाठ स्नायूत उतरली की मूत्राशय काढण्याचा प्रश्न येतो. पुरुषाचं मूत्राशय काढताना सोबत प्रोस्टेट जातं. बाईचं काढताना परंपरेने गर्भाशय, बीजकोश, बीजवाहिन्या आणि योनीची पुढची भिंत जाते. पुरुषाला ऑपरेशनआधी लैंगिक क्षमतेबद्दल सांगितलं जातं, मज्जातंतू वाचवायचा प्रयत्न करू असं आश्वासनही मिळतं. बाईला मात्र “आता या वयात पिशवीचं काय करायचंय” असं म्हणून सही घेतली जाते. निवडक रुग्णांत हे अवयव वाचवून शस्त्रक्रिया करता येते, हे आता युरॉलॉजीत सगळ्यांना ठाऊक आहे. आतड्याचं नवं मूत्राशय बनवायचं ऑपरेशन बायकांतही होतं, पण तो पर्याय त्यांच्यापुढे कमी वेळा ठेवला जातो. बहुतेकींच्या वाट्याला पोटावरचं छिद्र आणि त्यावर चिकटवलेली पिशवी येते. त्या छिद्राची जागा ऑपरेशनआधी रुग्णाला तिच्या रोजच्या कपड्यांत उभी करून, बसवून आखायची असते. साडी नेसणारीच्या परकराची नाडी नेमकी तिथून जाते. ती रोज आवळली की पिशवी सुटते आणि साडी ओली होते, मग बाई घराबाहेर पडायचं टाळते. ती नाडी कुठे बांधता, हे विचारायला एक मिनिट लागतं.

सरकारच्या पातळीवर काय करता येईल? महात्मा फुले योजनेसारख्या योजनांत कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळतात, पण ते निदान झाल्यावर. वेळ वाया जातो तो त्याच्या आधी. सगळ्या बायकांचं सरसकट स्क्रीनिंग करा असं मी म्हणणार नाही, या कॅन्सरसाठी तशी शिफारस कुठल्याच मोठ्या संस्थेने केलेली नाही. पण तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा आजारांची जोखीम तपासणारा जो सीबॅक फॉर्म आशाताई घरोघर भरतात, त्यात बायकांसाठी स्तनातली गाठ, दोन पाळ्यांमधला रक्तस्राव, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव हे प्रश्न आहेत. तिथेच आणखी एक ओळ घालावी: लघवीतून रक्त गेलंय का, आणि गेलं असेल तर त्यानंतर लघवीची तपासणी पुन्हा झाली का. ओळ छापायला खर्च नाही. खरी अडचण पुढे आहे. आशाताईंनी ‘होय’वर खूण केली, तर त्या बाईला पाठवायचं कुठे? सिस्टोस्कोप जिल्ह्याच्या गावी असला तर असतो, युरॉलॉजिस्ट त्याहून कमी ठिकाणी, आणि बाई युरॉलॉजिस्ट तर राज्यात फार थोड्या. ज्या जिल्हा रुग्णालयांत मोतीबिंदूची शिबिरं ठरलेल्या वारी भरतात, तिथे महिन्यातून एक दिवस भेट देणारा युरॉलॉजिस्ट, एक दुर्बीण आणि बायकांसाठी वेगळी खोली एवढी सोय लावता येते. त्या दिवशी कोणाला बोलवायचं, ती यादी लॅबच्या रजिस्टरमध्ये ‘आरबीसी प्लेंटी’ या शेऱ्यासमोर आधीच लिहिलेली असते.